हिरडा अडवायला घाटघरला

घाटघरला लोक नाणेघाट बघायला जातात, जीवधनवर चढायला जातात. मी गेलो तो एका माणसाचा हिरडा अडवायला. त्यामुळे या हकिकतीत नाणेघाटातल्या लेण्यांबद्दल फारसं सापडलं नाही तर मला दोष देऊ नये. लेणी मी लांबून पाहिली, आणि तेव्हा माझं पोट दुखत होतं.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेला डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. फळ कडू आणि तुरट. पोटाच्या औषधात जातं, रंगात जातं, कातडं कमवायला जातं. डोंगरातली माणसं भात आणि नाचणी पिकवतात, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून विकतात. हा झाला हिरडा. आता तो माणूस.

त्याचं नाव सुहास. पुण्याचा मुलगा. मोठ्या बिअर कंपनीतली नोकरी सोडून माझ्या मंचरच्या वखारीत आला होता. माझा धंदा बंद पडलेल्या डेअऱ्यांचा आणि कोल्ड स्टोरेजचा माल उचलण्याचा. दुधाच्या टाक्या, पंप, कॉम्प्रेसर. लोणी या माझ्या गावातनं निघालो तेव्हा एक सायकल होती. बाकीचं मी भांडून मिळवलेलं आहे. सुहासला दोन टाक्या हव्या होत्या. तो संध्याकाळपर्यंत बसला आणि मला समजावत राहिला की गावच्या धान्याची, गावच्या फळांची बिअर करता येते, थोडी थोडी, हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये. त्याच्याकडे परवाना मिळवण्याची चिकाटी होती आणि यंत्राचं ज्ञान शून्य. मी भागीदार झालो.

जुन्नरच्या अलीकडची ती शेड मी उभी केली. टाक्या बंद डेअरीतल्या, कॉम्प्रेसर बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधला, उकळायचं भांडं एका गुऱ्हाळवाल्याकडून घेऊन मी स्वतः वेल्डिंग केलेलं. आत काय घालायचं ते सुहास बघायचा. नाचणीला मोड आणून केलेली बिअर, बाजरीची बिअर, मे महिन्यात करवंदाची. मी पीत नाही. तत्त्व वगैरे काही नाही. मला पित्त होतं.

त्या पित्तावरूनच हिरडा निघाला. बिअरला कडूपणा यायला सुहास हॉप्स नावाच्या वेलीची सुकी फुलं परदेशातून मागवायचा, सोन्याच्या भावानं. मी रात्री हिरड्याचं चूर्ण घेतो. एकदा त्याच्यासमोर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "कडूच पाहिजे ना तुला? मग हे घाल की. इथं डोंगरात पडलंय." तो हसला, पण वहीत लिहून घेतलं. ते लिहिताना मी पाहिलं आहे.

मग आमचं फाटलं. एक पुणेकर गिऱ्हाईक म्हणालं, नाचणीच्या बिअरला धुराचा वास येतो. मी त्याला सांगितलं, मग घरी जाऊन दूध पी. सुहास सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, त्यांची माफी मागा." मी किल्ल्या टेबलावर आपटल्या. म्हणालो, "सांभाळ तुझा कारखाना," आणि निघालो.

आमच्या धंद्यात उठून निघणं ही सौद्याची चाल असते. आयुष्यात मी शेकडो वखारींतून उठून निघालोय, आणि दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाक आली आहे. त्या दिवशी मी गाडीपाशी गेलो, टायर बघितल्यासारखं केलं, दुसरा टायर बघितला. चारही टायर बघून झाले. हाक आली नाही. पंधरा दिवसांनी वकिलाचे कागद आले आणि माझे पैसे आले, चोख. पैशाबद्दल माझी तक्रार नाही.

त्यानंतरचा हिवाळा सरल्यावर पुण्याच्या एका पेपरात फोटो आला. सुहास, हातात तांबूस बिअरचा ग्लास, आणि खाली: हिरड्याची बिअर, सुहास यांची अफलातून कल्पना. लोक शनिवार-रविवार त्या एका बिअरसाठी गाड्या काढून यायला लागले.

मी ठरवलं, हिरडाच मिळू द्यायचा नाही. हिरडा नाही तर ती बिअर नाही, ती बिअर नाही तर पुण्याच्या गाड्या नाहीत. मग सुहास मला बोलवायला येईल. मला त्या शेडमध्ये परत जायचं होतं, आणि बोलावल्यावर जायचं होतं. २००९ सालचा एप्रिल होता. मी दत्तूचा पिकअप भाड्यानं ठरवला आणि निघालो.

लोणी

हिरड्याआधी बाजरी तोडू म्हणून सुरुवात घरापासून केली, कारण सुहासची बाजरी लोणीहून जाते, माझ्या चुलतभावाकडून, बबनकडून. लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला. तिथं एप्रिलमध्ये रान असं तापतं की चप्पल काढून बांधावर उभं राहता येत नाही. बबन गोठ्याच्या सावलीत बाजेवर पडला होता.

"बाजरी बंद कर त्याची," मी म्हणालो.

"कुणाची?"

"सुहासची."

बबन उठून बसला. "आबा, त्यो महिन्याला दोन पोती न्हेतो. दोन पोत्यानं त्याचं काय अडतंय? उद्या मंचरला बाजारात उभा राहिला तर दहा जण देतील त्याला." त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला. "आन् खरं सांगू? बाजरीची कुनी पीत न्हाई. येतात ते समदे त्या हिरड्यासाठी. तुला अडवायचंच असंल तर हितं कशाला उन्हात आलास?"

"तू पिऊन बघितलीस?"

"बघितली की. लई कडू. पर दुसरा ग्लास मागितला मी." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "फुकट व्हता म्हणून."

जेवायला बाजरीची भाकरी, झणझणीत पिठलं आणि कांदा. वहिनीनं वाढताना विचारलं, अजून त्या पोराचा राग गेला नाही का. मी म्हणालो राग नाहीच, धंदा आहे. ती म्हणाली, "मग भाकरी मोडताना एवढी चुरडताय कशाला?"

मंचर, आणि पुढे जुन्नर

रात्र मंचरला घरी काढून दुसऱ्या दिवशी पुढे निघालो. मंचरबद्दल प्रवासवर्णनात काय लिहायचं? कांदा, बटाटा आणि ट्रकांच्या रांगा. मी तिथं तीस वर्षं राहतो आणि रस्ता ओलांडताना अजून शिव्या देतो. दत्तू म्हणाला, हायवेच्या या गर्दीत अर्धा तास गेला तर भाडं वाढेल. मी म्हणालो, गर्दी तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे, भाडं ठरवताना ती दिसली नव्हती का. त्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. दत्तू पन्नाशीचा, बोलका, आणि त्याला माझी सवय आहे.

जुन्नरच्या अलीकडे ती शेड लागते. मी दत्तूला हळू चालवायला सांगितलं, थांबायचं मात्र नाही. पुढच्या अंगणात सहा-सात मोटारी उभ्या होत्या. मागून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. पट्टा सैल झाला होता. एवढ्या लांबून कळत होतं.

जुन्नरला दुपारी मासवडी खाल्ली. नावात मासा असला तरी त्यात मासा नसतो. बेसनाच्या पातळ पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून गुंडाळी करतात, माशासारखी दिसते म्हणून ते नाव. वड्या कापून बरोबर तिखट रस्सा देतात. आमच्या आंबेगावातही करतात, पण जुन्नरचे लोक ती आपलीच असल्यासारखं बोलतात. वाढणाऱ्या माणसाला मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "खा राव आधी, मग भांडू." रश्श्यानं डोळ्यांत पाणी आलं आणि भांडण राहून गेलं.

मग हिरड्याच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. अनोळखी मालात हात घालायच्या आधी मी भाव आणि प्रत बघतो. त्याशिवाय मला झोप येत नाही. त्याच्या गोदामात दोन ढीग होते. एकात काळे, सुरकुतलेले, मनुक्याएवढे हिरडे. दुसऱ्यात मोठे, पिवळट, धारा असलेले.

"हा बाळहिरडा," तो काळ्या ढिगात हात घालत म्हणाला. हिरडे खड्यांसारखे वाजले. "कोवळा असताना पडतो, उन्हाळ्यात. खरा माल हाच. परदेशात जातो."

"आणि तो?"

"तो मोठा. पिकलेला. हिवाळ्यात मिळतो. कातड्याला, रंगाला. त्याला काय भाव नाय."

बाळहिरड्याचा भाव मोठ्याच्या कितीतरी पट होता, आणि चढत होता. मला तेवढं पुरलं. सुहाससारखा माणूस, जो फुलं परदेशातून मागवायचा, तो हलका माल कशाला घेईल? महाग असतं तेच चांगलं असतं, हे मी आयुष्यभर बघत आलोय. मी मोठ्या हिरड्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. व्यापाऱ्यानं आपणहून सांगितलं, की बिअरवाले साहेब त्यांचा हिरडा थेट घाटघरहून, भीमाबाई नावाच्या बाईकडून नेतात. मला नेमका पत्ताच मिळाला.

घाटघर

जुन्नरपासून पश्चिमेला रस्ता धरणाच्या पाण्याकडेनं जातो, मग चावंडचा डोंगर उजव्या हाताला उभा राहतो आणि शेतं लहान लहान होत जातात. लोणीकडे एकेक रान नजर पोचेल तिथवर. इथं एक माणूस आणि एक बैल उभा राहिला की भाताचं खाचर संपलं. ठिकठिकाणी निळा धूर दिसत होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून ते जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. आमच्याकडे कुणी रान जाळलं तर शेजारी पोलिसात जाईल. इथं शेजारी कुदळ घेऊन मदतीला येतो, आग पसरू नये म्हणून.

घाटघरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि कोकणाकडून गार वारा वर येत होता. एप्रिलमध्ये गार वारा! लोणीच्या माणसाला हे फसवणुकीसारखं वाटतं. वाडीत शिरताच सपाट कातळावर सगळीकडे हिरडा वाळत घातलेला, काळा काळा. पाच-सहा बायका तो पायांनी परतत होत्या. त्यांतली भीमाबाई मधोमध उभी. साठीच्या आसपासची, बारीक, काटक, कपाळावर गोंदलेलं.

"पावणं, हिरडा घ्यायचाय का हिरड्याकडं बघायचंय?" तिनंच विचारलं. "बघनारे लई येतात. फोटू काढतात आन् पाणी पिऊन जातात. पाणी आमी अर्ध्या कोसावरनं आनतो."

"घ्यायचाय," मी म्हणालो. "सगळा."

"सगळा म्हंजी?"

"वाडीतला सगळा. यंदाचा हंगाम संपेपर्यंत. एक दाणा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

बायका हिरडा परतायच्या थांबल्या. भीमाबाई कातळावर बसली आणि मलाही बस म्हणाली. माल बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही, म्हणून मूठभर हिरडा उचलला, दोन फोडले, आणि जुन्नरच्या व्यापाऱ्यासारखा जाणकार दिसावा म्हणून चावून पाहिला. एक, मग दुसऱ्या ढिगातला एक, मग तिसऱ्या घरच्या कातळावरचा. जिभेला लगेच मिठी बसली. बायका माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, पारख बघून गप्प झाल्यात.

"चावतायसा कशाला इतका?" एकीनं विचारलं.

"पारखायला."

"आमी हातानं पारखतो," ती म्हणाली.

भाव सुरू झाला. मी जुन्नरच्या भावाच्या निम्म्यावर सुरुवात केली. भीमाबाईनं जुन्नरच्याही वरचा सांगितला.

"एवढा तर जुन्नरचा शेठपण देत नाही!"

"शेठ हितं येतो का? आमी जातो त्याच्याकडं, एश्टीत पोतं मांडीवर घिऊन. कंडाक्टर त्याचं बी तिकीट मागतो. तुमी आपल्या पायानं आलाय. म्हंजी गरज तुमाला हाय."

मी आवाज चढवला. तिनं नाही. मी म्हणालो, ओला आहे. तिनं मूठभर हिरडा पत्र्याच्या डब्यात टाकून हलवला, दगडासारखा वाजला. मी म्हणालो, डोंगरात कोण येतं घ्यायला. ती म्हणाली, "तुमी."

मी उठलो. कपडे झटकले, दत्तूला खूण केली. दत्तूला हे पाठ आहे. त्यानं लगेच गाडी सुरू केली. मी पिकअपपर्यंत चालत गेलो, दार उघडलं, एक पाय वर ठेवला. मागून काहीच नाही. वळून पाहिलं तर बायका पुन्हा हिरडा परतायला लागल्या होत्या आणि भीमाबाई पायातला काटा काढत होती. गाडी घुरघुरत होती, डिझेल जळत होतं.

"आबा, खरंच जायचंय का?" दत्तूनं हळूच विचारलं.

"गप बस."

मी परत गेलो. म्हणालो, माझा टॉवेल इथं राहिला.

"टावेल तर तुमच्या खांद्यावर हाय, पावणं," भीमाबाई म्हणाली. बायका अशा हसल्या की खाचरातला बैल मान वर करून बघायला लागला.

जुन्नरपेक्षा थोडा कमी, अशा भावाला आम्ही मिटवलं. भाडं माझं, पोती माझी. इसाराचे पैसे दिले. घरातनं गूळ आणला, दोघांनी खाल्ला. तिथं सौदा पक्का करायची तशी रीत आहे, आणि गूळ खाल्ल्यावर कुणी मागे फिरत नाही. मला आनंद झाला होता. डोळ्यांसमोर सुहास दिसत होता, रिकाम्या भांड्यापाशी.

रात्री भीमाबाईच्याच पडवीत राहिलो. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, आणि भाताबरोबर उडदाचं पातळ डांगर. आमच्याकडे पाहुण्याला गोड करतात. इथं तिनं विचारलं, "तिखट चालंल का?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही. घरात नाचणीची कणगी होती, चुलीच्या धुरानं काळी झालेली. तो धुराचा वास कुठून येतो ते मला तिथं कळलं. ज्या वासावरून मी कारखाना सोडला तो वास.

पहाटे पोटानं दगा दिला. एवढा हिरडा चावल्यावर दुसरं काय होणार? घाटघरच्या पठाराबद्दल प्रवाशांना एक उपयुक्त माहिती देतो: तिथं आडोसा नाही. करवंदीच्या जाळ्या आहेत, पण त्या काट्यांच्या. माझी नाणेघाटाकडे चार वेळा फेरी झाली. सूर्य उगवताना ते कातळातलं टाकं, तो नानाचा अंगठा नावाचा कडा, आणि खाली निळं कोकण, सगळं मी पाहिलं. भव्य आहे. मला मान्य आहे.

परत आलो तेव्हा दत्तूनं पोती भरून तोंडं शिवायला घेतली होती. वजन झालं, बायकांना त्यांच्या हिश्श्याचं देऊन झालं. भीमाबाईनं मला कोरा चहा दिला. मी एकदा पक्कं करून घ्यावं म्हणून विचारलं,

"आता कुणाला द्यायचा नाही, ठरलंय ना?"

"ठरलंय."

"जुन्नरच्या बिअरवाल्यालापण नाही."

"सुहासदादाला?" ती म्हणाली. "त्याला बाळहिरडा कशाला लागतोय?"

"मग काय लागतो?" मी विचारलं.

"त्यो मोठा न्हेतो. पौषातच न्हेला. मीच भरून दिला की त्याच्या गाडीत."

"मोठा? तो कातड्याला जातो."

"पयल्यांदी बाळहिरडाच न्हेला व्हता त्यानं. आठ दिसांनी परत आला. म्हनला, आज्जी, यानं घसा धरतो, घोट खाली उतरंना. मग मीच म्हनलं, आमी पित्ताला मोठ्याची साल कुटून घेतो, नुस्ती साल, बी टाकायचं. ती घालून बघ. ती जमली त्याला."

मी रोज रात्री जे चूर्ण घेतो ते मोठ्या हिरड्याच्या सालीचं असतं. डबीवर लिहिलेलंही असेल. मी डबीची किंमत वाचतो.

"मला काल सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलो. "मी इथं घसा फोडून सांगतोय, सगळा हिरडा, सगळा हिरडा!"

"तुमी इचारलं का, त्यो काय न्हेतो?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी समूर वाळत घातल्याला मागितला. त्यो दिला. मला वाटलं यापारी हायसा."

मी जवळच्या पोत्याला लाथ मारली. वाळलेला हिरडा दगडासारखा वाजतो हे मी वर लिहिलं आहे; लागतोही तसाच. अंगठ्याचं नख काळं पडलं.

"वरडू नका," भीमाबाई म्हणाली. "प्वाट रिकामं हाय तुमचं. भोवळ यील."

रागाच्या भरात मी तिला पेपरातलं सांगितलं. म्हणालो, तुझी साल, माझं चूर्ण, आणि नाव आलं त्याचं एकट्याचं. तुला काही वाटत नाही?

"पेपर हितं कोन वाचतो? आला तर भजी गुंडाळून येतो." तिनं माझ्या हातातला कप घेतला. "दादा दरसाल मोठा न्हेतो. मोठा आधी झाडाखाली कुजून जायाचा, त्याला कोन इचारीत न्हवतं. आता त्याचंबी हुतंय काय तरी. मला त्येवढं बास हाय. तुमाला काय पायजे व्हतं?"

मी पाठ फिरवली. गाडीत बसलो. ती गाडीपर्यंत आली आणि खिडकीतून एक पुडी दिली. नाचणीचं सत्त्व होतं, पोटाला.

परत

जुन्नरच्या त्याच व्यापाऱ्याला सगळा माल घातला. दोन दिवसांत भाव आणखी चढला होता. भाडं, पोती, सगळं जाऊन फायदा झाला. दत्तू खूश होऊन म्हणाला, "आबा, तुमी दगुड जरी उचलला तरी पैसा निघतो." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा फायदा होऊनही तोंड कडू झालं.

शेड आली तेव्हा मी म्हणालो, थांब. दत्तू म्हणाला, "आबा, भांडायचं असंल तर मी गाडी रस्त्याकडं तोंड करून ठिवतो." मी उतरलो. पाठीमागच्या बाजूनं गेलो. मनात सगळं तयार होतं. वाक्यं मी दोन वर्षं घासून ठेवली होती. ही टाकी कुणी आणली, हे भांडं कुणी जोडलं, कडू घाल म्हणून कुणी सांगितलं, आणि त्या दिवशी तू मला हाक का मारली नाहीस.

सुहास दारातच भेटला. बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत ओले, कपाळावर घाम. आतून उकळत्या नाचणीचा गोडसर वास येत होता.

"आबा!" त्याचा चेहरा खरंच उजळला. मला त्यात काही खोट सापडली नाही, आणि मी शोधली होती. "घाटघरहून येताय ना? भीमाबाईंचा फोन होता, कड्यावर जाऊन केला म्हणे. वाडीतला सगळा बाळहिरडा तुम्ही जागेवर उचललात. फार बरं केलंत. दरवर्षी त्यांना एसटीनं आणावा लागतो."

माझ्या युद्धाची बातमी त्याला पोचली होती, आणि ती अशी पोचली होती.

"मी तुम्हाला फोन करणारच होतो," तो म्हणाला. "हिरड्याच्या धंद्यात शिरलाच आहात तर माझं एक काम करा. मला मोठा हिरडा लागतो, पौषातला. आता खप वाढलाय, घाटघरला दोन-दोन खेपा माझ्यानं होत नाहीत. तुम्ही आणून द्याल? भाव काय तो तुम्ही सांगा."

आणि मी भाव सांगितला.

कसा सांगितला मला माहीत नाही. जीभ आपोआप चालली. सांगितला तोही दुपटीचा, मुद्दाम, कुणालाही राग यावा असा. मला वाटलं, आता तो म्हणेल, आबा, काहीही काय बोलता. मग मी बोलेन, मग तो बोलेल. हिरड्यावरून टाक्यांवर येऊ, टाक्यांवरून किल्ल्यांवर, आणि त्या घासाघिशीत दोन वर्षांचं सगळं निघेल. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक माणसाशी माझं असंच मिटलं आहे. मी पाय रोवून उभा राहिलो.

"चालेल," सुहास म्हणाला. "तेवढा देऊ."

आत भांडं उतू जायला आलं होतं. कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "आलोच," आणि आत गेला. मी दारातूनच कान दिला. उतू जाणं थांबवायला त्या भांड्याच्या डाव्या अंगाला मी एक झडप बसवली होती; ती त्याला लगेच सापडली असावी, कारण फसफस बंद झाली.

पौषात मी मोठा हिरडा घाटघरहून आणून दिला. सुहास पुण्याला गेला होता. एका माणसानं पोती मोजून घेतली आणि पावतीवर लिहायला मला माझं नाव विचारलं.